मागच्या बाकावरचा वर्ग

काच कापताना मामा श्वास रोखून धरतो. कटरचं बारीक चाक काचेवरून एका दमात ओढायचं असतं. मध्येच हात थांबला की काच रुसते, असं भाऊ म्हणतात. मामा म्हणतो, काच रुसत नाही, तडा वाकडा जातो. चाकाचा आवाज बारीक आणि अखंड आला तर रेघ जमली. मग काच टेबलाच्या कडेपर्यंत सरकवायची आणि वरून जरासं दाबायचं. टक्. इतका स्वच्छ आवाज दुसऱ्या कुठल्याच कामात येत नाही, म्हणून आपण हे काम धरलं, असं मामाचं सरळ उत्तर असतं.

दुकान भाऊंचं. पुढे एक काउंटर, मागे जाड लोकरी कापड ताणून बसवलेलं मोठं टेबल, आणि भिंतीला लाकडी खणांमध्ये उभ्या ठेवलेल्या काचा: साधी, जाड, दुधी, आणि शेवटच्या खणात आरसे. शाळा सुटली तेव्हापासून मामा तिथं आहे. भाऊ लोकांच्या घरी जायचे, फुटलेल्या खिडकीचं माप घ्यायचे, दोन गप्पा मारून यायचे. मामा मागे काच कापायचा. गिऱ्हाईक आलं की भाऊ पुढे आणि मामा मागे, ही वाटणी कुणी बोलून ठरवली नव्हती, पण कधी मोडलीही नव्हती.

स्वमग्नता हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. त्याआधी मामासाठी बरेच शब्द होते. तऱ्हेवाईक, घुम्या, फटकळ. लग्नकार्यात कुणी "कसा आहेस?" म्हटलं की मामा खरोखर कसा आहे ते सांगायला लागायचा, पोटापासून सुरुवात करून. आई त्याची थोरली बहीण. ती पाठीमागून त्याचा सदरा ओढायची. सदरा का ओढलास, असं तो मोठ्यानं विचारायचा. डॉक्टरांनी तो शब्द सांगितला त्या दिवशी आई दवाखान्याच्या पायरीवर जरा वेळ बसून राहिली. मामा शेजारी उभा होता. "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हतो," तो म्हणाला. "हे मी आधीच सांगितलं होतं."

आणि मग भाऊंचे गुडघे गेले.

जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. जिना न चढता काचवाल्यानं करायचं काय? फुटक्या खिडक्या काही तळमजल्यावरच नसतात. शेजारचा मोबाइलवाला कधीपासून त्या जागेवर डोळा ठेवून होता. त्याच्या दुकानात कव्हरं टांगायलासुद्धा जागा उरली नव्हती. भाऊंनी एका दुपारी काउंटरवर डबा उघडला, मामाला पुढे बोलावलं आणि जेवता जेवता सांगून टाकलं.

"हे बघ, घरोघरी तुलाच जावं लागणार. तुला जमलं तर दुकान राहील. नाही जमलं तर उन्हाळा संपला की मी मोबाइलवाल्याला हो म्हणणार. मला दुसरा मार्ग नाही रे."

"मोबाइलवाल्याला एवढं मोठं टेबल कशाला?" मामानं विचारलं.

"टेबल तो काढून टाकेल."

मामानं घास खाली ठेवला. त्या संध्याकाळी घरी येऊन तो आईला म्हणाला, "ताई, टेबल काढून टाकणार आहेत." बाकीचं सगळं आईला भाऊंकडून कळलं.

मामा गेला एका घरी. तिसऱ्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मामा एक शब्द न बोलता त्यांच्या बाजूनं आत शिरला, बैठकीची खोली ओलांडली, झोपायच्या खोलीत गेला आणि फुटक्या खिडकीपर्यंत हात पोचावा म्हणून पलंगावर चढला. बाईंनी किंकाळी फोडली. शेजारपाजारचे धावत आले. ते आले तेव्हा मामा पलंगावर उभा होता, टेप दातात धरलेली आणि दोन्ही हात कानांवर.

"अरे, निदान नाव तरी सांगायचंस!" भाऊंनी डोक्याला हात लावला.

"त्यांनी काच बघायला बोलावलं होतं. मी काच बघितली. त्या का ओरडल्या ते मला अजून कळलेलं नाही."

दुसऱ्या एका घरी त्यानं दारातच सांगितलं की तुमच्या घरात कुबट वास येतो. ते खरं होतं. पण तिथूनही तक्रारीचा फोन आला.

चर्चची गोष्ट यानंतरची. तिथल्या वेदीवरच्या उंच खिडकीचं एक तावदान खिळखिळं झालं होतं. ते बदलायचं काम भाऊंकडे आलं. शिडी मामा चढला, भाऊ खाली बाकावर बसून सूचना देत राहिले. काम झालं. पण काचेभोवतीची पुट्टी नीट धरली की नाही हे पाहिल्याशिवाय मामाला चैन पडत नाही. तो रविवारी सकाळी एकटाच परत गेला. उपासना चालू होती. फादर प्रवचन देत होते आणि सगळं चर्च गप्प बसून ऐकत होतं. मामा मधल्या वाटेनं थेट पुढे गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "जरा डावीकडे सरका. तुमच्या डोक्यावरची काच अजून कच्ची आहे."

फादरांनी वर पाहिलं, डावीकडे सरकले, आणि उरलेलं प्रवचन तिथूनच पूर्ण केलं.

नंतर ते मामाला दारात भेटले. "उपकार झाले तुमचे. माझं डोकं वाचलं. दर रविवारी येत जाल का? काचेसाठी नाही. आमच्याकडे एक वर्ग असतो."

"आम्ही चर्चला जाणाऱ्यांपैकी नाही."

"वर्गात ते कुणी विचारत नाही."

"काय शिकवतात?"

"माणसांशी कसं बोलावं, कसं वागावं, त्याचा सराव करून घेतात."

मामा बराच वेळ फादरांच्या खांद्याकडे बघत राहिला. "सराव करता येतो?" त्यानं विचारलं. "मला वाटायचं, ते बाकीच्यांना आपोआप येतं."

चर्चच्या बाजूला एक बैठा हॉल आहे. भिंतीला पिवळसर रंग, एका टोकाला चहाचं टेबल, दुसऱ्या टोकाला मोडक्या खुर्च्यांची खोली. वर्ग तिथं भरायचा. घेणाऱ्या बाई आयुष्यभर नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत बसून, हातात संहिता घेऊन, नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना प्रॉम्प्टरबाई म्हणत. आवाज असा, की ज्याला ऐकू जायचं त्यालाच जाईल. त्यांचा धाकटा भाऊ मामासारखाच होता. तो माडीवरच्या खोलीत वाढला आणि तिथंच म्हातारा झाला. "मी रोज रात्री अख्ख्या गावाच्या नटांना वाक्यं पुरवत होते," त्यांनी आईला पहिल्याच दिवशी सांगितलं. "घरात एकाला ती लागत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही." फादरांकडे हॉल त्यांनीच मागितला होता.

वर्गात मोजकीच माणसं. डोक्यावरची टोपी कधीही न काढणारा एक पोस्टमन, त्याला सगळे टोपी म्हणत. एक ग्रंथालयात काम करणारी मुलगी, ती प्रश्नामागून प्रश्न विचारायची म्हणून तिचं नाव प्रश्नताई. आणि आमचा मामा. आधी उपासनेला मागच्या बाकावर एकत्र बसायचं आणि मग हॉलमध्ये यायचं, असा बाईंचा क्रम होता. प्रश्नताईनं अर्थातच विचारलं, का?

"कारण बाहेर लोक म्हणतात, मनात येईल ते बोल. आणि तसं बोललं की रागावतात," बाई म्हणाल्या. "इथं वाक्य ठरलेलं आहे. कधी उठायचं, कधी बसायचं, शेजाऱ्याला काय म्हणायचं, सगळं ठरलेलं. सगळे तेच बोलतात, त्यामुळं कुणीच वेगळं दिसत नाही. आधी ठरलेलं वाक्य बोलायची सवय होऊ दे. मग त्याला आपलं एक जोडू."

त्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटाकडे सगळे उठून आजूबाजूच्यांशी हात मिळवतात आणि म्हणतात, "शांती असो." पुढच्याशी, मागच्याशी, दोन्ही बाजूंच्यांशी. कुणी राहून गेलं तर हात लांब करून त्याच्यापर्यंत पोचतात, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी बसत नाही. कुणी अंगाला हात लावलेला मामाला आवडत नाही. पहिल्या रविवारी त्यानं हात पाठीमागे बांधून ठेवले. पुढच्या बाकावरच्या आजीबाई वळल्या, त्याचे बांधलेले हात पाहिले, आणि नुसती मान हलवून म्हणाल्या, "शांती असो, बाळा." मामा तेव्हा चाळिशी ओलांडलेला. पुढच्या रविवारी त्यानं एक बोट पुढे केलं. आजीबाईंनी ते बोट धरलं. पूर्ण हात मिळवायला त्याला बरेच रविवार लागले, पण त्याची घाई तिथं कुणालाच नव्हती.

हॉलमध्ये दाराचा सराव व्हायचा. मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत बाई बसायच्या आणि मामानं बाहेरून टकटक करायची. बाई कधी ऐकू न येणारे आजोबा व्हायच्या, कधी कडेवर रडकं मूल असलेली आई, कधी कुणावरही विश्वास न ठेवणारी घरमालकीण.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण रे मेल्या? सगळेच मी असतात!"

टोपी पोट धरून हसायचा. मग त्याची पाळी आली की मामा हसायचा, जरा उशिरा, पण मनापासून. दार उघडलं की एक पाऊल मागे सरायचं. आपण कोण, कुठून आलो, ते सांगायचं. आत येऊ का विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. प्रश्न वस्तूबद्दल विचारायचा, माणसाबद्दल नाही. डोळ्यांत बघायला मामाला त्रास व्हायचा. बाई म्हणाल्या, "डोळ्यांत नको बघूस. भुवयांच्या मधे बघ. आमचे निम्मे नट तेच करायचे, प्रेक्षकांना कधी कळलं नाही."

खरी परीक्षा चहाची. उपासनेनंतर सगळे हॉलमध्ये चहाला यायचे. कपबशा आदळायच्या, एकाच वेळी दहा तोंडं चालायची. "मला माणसं आवडतात," मामा एकदा बाईंना म्हणाला. "पण ती सगळी एकदम सुरू होतात." हे बाईंनी चहावाल्या बायकांच्या कानावर घातलं. पुढच्या रविवारी टेबलावर जाड सुती चादर आली, बशा गायब झाल्या आणि मामासाठी खिडकीजवळची जागा मोकळी राहू लागली. कुणी त्याचा गाजावाजा केला नाही. शिकायचं होतं ते दोन्ही बाजूंनी, हे त्या बायकांना न सांगता कळलं असावं.

चहाच्या वेळी बाई मामाच्या पाठीशी उभ्या राहायच्या, विंगेत राहावं तशा, आणि तो अडला की कानाशी कुजबुजायच्या. एकदा गायनमंडळातल्या एक बाई त्याच्याशी बोलायला आल्या.

"त्यांच्या गाण्याबद्दल विचार," मागून कुजबुज.

"तुमच्या गाण्याबद्दल विचारतो," मामा म्हणाला. "कसं चाललंय?"

"छान! पण सर्दी झालीय ना, वरचे सूरच लागत नाहीत."

"आता हस, पण दात नकोत," मागून बाई कुजबुजल्या, "आणि त्यांना म्हण, लवकर बऱ्या व्हा."

"आता हस, पण दात नकोत," मामानं गायिकेला स्पष्ट आवाजात सांगितलं, "आणि त्यांना म्हण, लवकर बऱ्या व्हा."

गायिकाबाई इतक्या हसल्या, दात सगळे दाखवून, की हॉलमधले लोक वळून पाहू लागले. प्रॉम्प्टरबाईंनी कपाळ बडवून घेतलं. सूचना आणि संवाद यांतला फरक आपण सांगितलाच नव्हता, हे त्यांनी वर्गासमोर कबूल केलं. नटांना तो ठाऊकच असतो. तेव्हापासून, मामाला आधी विचारून, संवाद सांगायच्या आधी त्या त्याच्या पाठीवर बोटानं टिचकी मारू लागल्या. टिचकी असली तर बोलायचं, नसली तर नुसतं करायचं.

उन्हाळा उतरणीला लागला तसे भाऊ अस्वस्थ झाले. मोबाइलवाल्याला त्यांनी येऊन बोलणी पक्की करायला सांगून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात एका घरून फोन आला: आतल्या दाराची काच फुटली आहे, माप घ्यायला माणूस पाठवा.

"जाशील?" भाऊंनी विचारलं.

"बाई येतील का पाठीशी?"

"लोकांच्या घरात? माझ्या बापा, एकट्यानंच जायचं असतं."

मामा गेला. पुढचं सगळं त्यानं रात्री जेवताना सांगितलं. मामा घडलेलं सांगतो ते जसंच्या तसं, ज्याचं वाक्य त्याच्याच आवाजात, त्यामुळं आम्ही तिथं असल्यासारखंच झालं.

दार एका निवृत्त मुख्याध्यापकांनी उघडलं. मामा एक पाऊल मागे सरला. "नमस्कार. मी काचेच्या दुकानातून आलोय. आत येऊ का?"

"या. चपला असू द्या, काचा आहेत."

बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराचं वरचं तावदान पार गेलं होतं. दाराच्या पलीकडे मुख्याध्यापकांची मुलगी ओट्याला टेकून उभी होती, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत.

मामानं वस्तूबद्दल विचारलं. "हे दार जोरात आपटतं का? तसं असेल तर जाड काच लागेल."

"ते तिला विचारा," मुख्याध्यापक म्हणाले.

"त्यांना सांगा, मी एकदाच आपटलं," मुलगी म्हणाली.

"तिला सांगा, एकदाच पुरतं."

मामानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "त्या इथंच उभ्या आहेत," तो मुख्याध्यापकांना म्हणाला. "मी सांगितलं तर त्यांना तेच परत ऐकावं लागेल."

मामानं माप घेतलं, आडवं, उभं, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा. मग काच साधी हवी की दुधी, असं विचारलं.

"दुधी," मुलगी पटकन म्हणाली. "म्हणजे इकडून तिकडचं तोंड दिसायला नको."

"उत्तम," बाप म्हणाला.

"दुधी काचेतून तोंड दिसत नाही," मामानं माहिती पुरवली, "पण माणूस उभा आहे ते कळतं."

टेप गुंडाळून त्यानं पिशवीत टाकली. निघतानाचं वाक्य बाईंनी पाठ करून घेतलं होतं: येतो मी, काच तयार झाली की फोन करतो. ते त्यानं बिनचूक म्हटलं. इथं थांबला असता तर सगळं पुस्तकी पार पडलं असतं. पण काम नीट झालं म्हणून त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटल्यावर काय करतात हे त्यानं एकाच ठिकाणी पाहिलं होतं. त्यानं हात पुढे केला.

"शांती असो."

मुख्याध्यापक गडबडले, पण हात त्यांनी मिळवला. मामा दाराच्या रिकाम्या चौकटीपाशी गेला, फुटक्या कडांपासून मनगट जपून त्यानं हात पलीकडे नेला. "शांती असो." मुलीनंही हात दिला. मग मामा पिशवी घेऊन मधोमध उभा राहिला. सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी बसत नाही की जात नाही, ही त्याच्या माहितीतली रीत.

"आता काय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"आता तुम्ही दोघं राहिलात."

मामाला वाटलं, कदाचित त्यांना वाक्य माहीत नसेल, वेळ लागत असेल. त्याला स्वतःला किती रविवार लागले होते! तो म्हणाला, "घाई नाही. आज मला दुसरं काम नाही."

मुलीनं आधी हसू दाबलं, मग ते दाबलं जाईना. ती रिकाम्या चौकटीतून वाकून अलीकडे यायला लागली, मग सरळ दार उघडूनच आली, कारण वाकायची काही गरज नाही हे तिच्या मध्येच लक्षात आलं. तिनं हात पुढे केला. मुख्याध्यापकांनी आपला हात सदऱ्याला पुसला आणि तिचा हात धरला. पुढे ते दोघं काय बोलले ते मामाला सांगता आलं नाही. दार हललं तेव्हा चौकटीची एक पट्टी सैल असल्याचं त्याला दिसलं होतं, आणि तो ती बघत होता.

आईनं कपाळावर हात मारला. "अरे, लोकांच्या घरात जाऊन हात मिळवायला लावलेस? भाऊंना काय वाटेल?"

"त्यांनी मिळवले," मामा म्हणाला. "मी फक्त थांबलो."

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. भाऊंनी आवाज ओळखला आणि खुर्चीत सावरून बसले. मामाच्या वतीनं माफी मागायची त्यांना इतकी सवय झाली होती, की समोरून बोलणं सुरू व्हायच्या आत त्यांनी "चुकलं हो त्याचं, मनानं चांगला आहे" इथपर्यंत मजल मारली.

"काय चुकलं?" मुलगी म्हणाली. "काच साधी करा, दुधी नको. बाबांनीच फोन करायला सांगितलं. आणि बसवायला त्यांनाच पाठवा."

भाऊंनी फोन ठेवला आणि मागे टेबलाकडे बघत बसले. मामा काच कापत होता, त्यामुळं त्याच्याशी बोलता येत नव्हतं. टक् झाल्यावर ते म्हणाले, "दुधी नको, साधी. उद्या तूच जायचंस."

"बरं. पण पट्टीसुद्धा लागेल. एक सैल आहे."

रविवारी बाईंनी सगळं ऐकलं, टोपी आणि प्रश्नताईच्या साक्षीनं. आधी त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग गंभीर झाल्या, कारण त्या शिक्षिका होत्या.

"हे बघ, ते वाक्य चर्चमधलं आहे. प्रत्येक घरात ते बोलायचं नाही. कुणाला राग येईल, कुणी घाबरेल."

"मग कुठं चालतं ते कसं ओळखायचं?"

"ते मलाही दर वेळी ओळखता येत नाही," बाई म्हणाल्या. "कधी कधी नट भलतंच वाक्य बोलून जातो आणि त्यानंच प्रवेश रंगतो. तेव्हा मी विंगेत पान उलटायची आणि गप्प बसायची. दुसऱ्या प्रयोगाला मात्र त्याला ते बोलू द्यायची नाही."

"म्हणजे मी परत बोलायचं नाही."

"आधी मला विचारायचं."

"हे चालेल," मामा म्हणाला.

त्या रविवारी आईसुद्धा मागच्या बाकावर बसली होती. बाईंना काहीतरी द्यावं म्हणून तिनं नवं कापड घेतलं होतं. बाईंनी ते घेतलं नाही, चहाच्या टेबलावर घाला म्हणाल्या. उपासनेच्या शेवटी सगळे उठले. आई कधी कुणाशी हात मिळवत नाही, नमस्कार करते. ती आजीबाईंपाशी गेली, ज्यांनी मामाचं बोट धरलं होतं. चहावाल्या बायकांपाशी गेली, गायिकेपाशी गेली, फादरांपाशी गेली. प्रत्येकाचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. ठरलेलं वाक्य म्हणायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. ती प्रत्येकाला म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले," आणि कुणी दुरुस्त केलं नाही. परत येऊन बसली तेव्हा मामानं तिच्याकडे, म्हणजे भुवयांच्या मधे, नीट पाहिलं. "ताई, तू रडतेयस," तो म्हणाला. "वाईट वाटतंय की बरं?"

"बरं."

"ठीक आहे," मामा म्हणाला, आणि तिच्यापासून जरा सरकून, पण त्याच बाकावर, बसून राहिला. इतकी वर्षं तो असं कधी विचारत नसे. तिच्या रडण्यानं घाबरून घराबाहेर निघून जायचा.

मोबाइलवाला ठरल्याप्रमाणे बोलणी करायला आला, तेव्हा भाऊंनी आदल्या दिवशीच दुकान ठेवायचं पक्कं केलं होतं, मामाला सांगितलंही होतं. फक्त त्याला सांगायचं कसं, या विचारानं ते हिशेबाच्या कपाटाआड काहीतरी शोधत असल्यासारखे वाकून बसले. नाही म्हणायला भाऊंना आयुष्यात कधी जमलेलं नाही. मोबाइलवाला आत येऊन उभा राहिला, भिंती डोळ्यांनी मोजू लागला.

मामा टेबलापासून पुढे आला. काउंटरच्या पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या जागी, तो आपणहून आलेला भाऊंनी पहिल्यांदाच पाहिला.

"बसा," मामा म्हणाला. "पाणी घेता?"

"नको. भाऊ कुठायत?"

"कपाटामागे आहेत." भाऊंनी डोळे मिटून घेतले. "ते दुकान विकणार नाहीत. घरोघरी आता मी जातो." मामा थांबला. पाठीशी कुणी नव्हतं, टिचकी नव्हती. तो मोबाइलवाल्याच्या भुवयांच्या मधे बघत राहिला, आणि मग अगदी हळू बोलला. "तुम्हाला जागा हवी होती. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

मोबाइलवाला भांडायच्या तयारीनं तोंड उघडून उभा होता. ते त्यानं मिटलं. "वाटलं खरं," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. "कव्हरं ठेवायला जागाच नाही हो. गिऱ्हाईक आत आलं की मला बाहेर उभं राहावं लागतं."

"दुकान लहान आहे?"

"एवढंसं. खोपटं."

"समोरच्या भिंतीला काय आहे?"

"काही नाही. कॅलेंडर."

"तिथं आरसा लावला तर दुप्पट दिसेल," मामा म्हणाला. "जागा वाढणार नाही. दिसेल फक्त."

मोबाइलवाल्यानं विचार केला. "केवढा लागेल?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू? येऊ का आत्ता बघायला?" असं विचारून मामा उत्तरासाठी थांबला.

"या की."

भाऊ कपाटामागून गुडघ्यावर हात ठेवत उठेपर्यंत दोघं पायरी उतरले होते. मोबाइलवाला हातवारे करत काहीतरी सांगत होता. मामा त्याच्यापासून हातभर अंतर राखून चालत होता, मान किंचित त्याच्याकडे कललेली, आणि त्याचं बोलणं संपायची वाट बघत होता. इकडे काउंटरवर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. आपला काच कापणारा माणूस बाहेरच्या कामाला गेलाय, जरा थांबावं लागेल, असं भाऊंनी त्याला सांगितलं, आणि स्टूल पुढे सरकवलं.